जुन्या जीपचे अ‍ॅक्सल आणि ब्रेक सुधारताना : आधी गणित, मग पाना

प्रस्तावना

जुनी जीप विकत घेतलेला मनुष्य पहिल्यांदा काय बदलतो? बहुतेक वेळा टायर. रुंद, उंच, खोल नक्षीचे टायर बसले की गाडी रुबाबदार दिसते. पण त्याच दिवशी ब्रेक पूर्वीपेक्षा कमजोर होतात आणि हाफ शाफ्टवरचा ताण वाढतो. दोन्ही गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत. त्या घाटात उतरताना किंवा दगडात चाक अडकल्यावर कळतात.

या घटकात आपण एकच गाडी उदाहरणादाखल घेऊ : विलीज सीजे-३बी. हे मॉडेल अमेरिकेत १९५३ मध्ये आले. महिंद्र कंपनीने भारतात त्याचे उत्पादन दीर्घकाळ चालू ठेवले, त्यामुळे या घराण्यातल्या जीप देशभर आढळतात. घटकाचे सूत्र लक्षात ठेवा : टायर, शाफ्ट, डिफरन्शियल आणि ब्रेक ही एक साखळी आहे. एक कडी बळकट केली की ताण पुढच्या कडीवर सरकतो.

१. मूळ रचना

सीजे-३बीच्या चारही चाकांना ९ इंची, म्हणजे सुमारे २२९ मिमी व्यासाचे ड्रम ब्रेक होते. मास्टर सिलिंडर एकच आणि एकाच परिपथाचा, तोही पायाखालच्या फळीखाली बसवलेला. हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूच्या ड्रमवर काम करतो. मागचा अ‍ॅक्सल सेमी-फ्लोटिंग प्रकारचा आहे. हाफ शाफ्टचे टोक निमुळते असून त्यावर हब चावी आणि नटाने आवळलेला असतो.

सेमी-फ्लोटिंग रचनेत हाफ शाफ्ट दोन कामे करतो : चाक फिरवतो आणि गाडीचे वजनही पेलतो. शाफ्ट तुटला तर चाक हबसकट बाहेर येऊ शकते. फुल-फ्लोटिंग रचनेत वजन हाउसिंगच्या टोकावरील बेअरिंगे पेलतात आणि शाफ्टकडे फक्त पीळ उरतो. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते. विशेष म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील विलीज एमबी जीपचा मागचा अ‍ॅक्सल फुल-फ्लोटिंग होता. नागरी वापराच्या जीपमध्ये मात्र सेमी-फ्लोटिंग आला.

२. शाफ्टवर किती टॉर्क येतो?

हरिकेन इंजिनाचा कमाल टॉर्क सुमारे १५५ न्यूटन-मीटर. पहिला गिअर २.८, ट्रान्सफर केसचा लो २.४६ आणि अ‍ॅक्सलचे गुणोत्तर ५.३८ धरले, तर एकूण गुणोत्तर सुमारे ३७ येते. १५ टक्के घट वजा करता चाकांपर्यंत सुमारे ४,८७५ न्यूटन-मीटर पोहोचू शकतात.

आता जमिनीची पकड पाहू. समजा, माणसे आणि सामानासह गाडी १,६०० किग्रॅ आहे. पुढे ७५० आणि मागे ८५० किग्रॅ. टायरची त्रिज्या ०.३६ मीटर, कोरड्या खडकावर घर्षणांक ०.८.

मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा = ८५० × ९.८१ × ०.८ × ०.३६ = सुमारे २,४०० न्यूटन-मीटर.

पुढच्या अ‍ॅक्सलची मर्यादा याच रीतीने सुमारे २,१२० येते. दोन्हींची बेरीज ४,५२०, म्हणजे इंजिन देऊ शकेल त्यापेक्षा कमी. याचा अर्थ लो गिअरमध्ये टायर आधी घसरतो आणि शाफ्ट वाचतो. घरातल्या विजेच्या फ्यूजचे काम इथे टायर करतो. टायर मोठा आणि अधिक पकडीचा बसवणे म्हणजे जाड तारेचा फ्यूज बसवणे!

साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही हाफ शाफ्टना समान टॉर्क मिळतो, म्हणजे प्रत्येकी जास्तीत जास्त १,२०० न्यूटन-मीटर. लॉकर बसवला आणि एक चाक हवेत गेले, तर अ‍ॅक्सलचे सारे वजन आणि सारा टॉर्क दुसऱ्या बाजूला येतो : २,४००. त्यातच टायरची त्रिज्या ०.४० मीटर केली, तर सुमारे २,६७०.

गोल भरीव शाफ्टमधील कमाल कर्तन प्रतिबल = १६ × टॉर्क ÷ (π × व्यासाचा घन). व्यास ३० मिमी धरून आकडे असे येतात :

- मूळ टायर, साधे डिफरन्शियल : सुमारे २२६ मेगापास्कल
- मूळ टायर, लॉकर : सुमारे ४५३ मेगापास्कल
- मोठा टायर, लॉकर : सुमारे ५०३ मेगापास्कल

शाफ्टला हात न लावता त्यावरचे प्रतिबल दुपटीहून अधिक झाले. दगडावरून चाक आपटण्याचा धक्का आणि सेमी-फ्लोटिंगमधील वाकण्याचे प्रतिबल यांत धरलेलेच नाही.

उपाय दोन. पहिला, व्यास वाढवणे. सूत्रात व्यासाचा घन असल्याने ३० चे ३३ मिमी केले, म्हणजे फक्त १० टक्के वाढ केली, तरी बळकटी ३३ टक्के वाढते. दुसरा, ईएन-२४ सारखे निकेल-क्रोमियम-मॉलिब्डेनम मिश्र पोलाद योग्य उष्णोपचार करून वापरणे. निमुळत्या टोकाच्या शाफ्टऐवजी फ्लँजसह एकसंध घडवलेला शाफ्ट बसवला, तर नट सैल होऊन चावी कापली जाण्याचा धोका जातो. फुल-फ्लोटिंग हब बसवणे याहून सुरक्षित, पण खर्चिक.

शाफ्ट बळकट झाला की पुढची कमजोर कडी कोणती, हे विचारायला विसरू नका. ती बहुधा क्राउन-पिनियन किंवा प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस असते. खरे तर शाफ्ट हाच सर्वांत आधी तुटावा अशी रचना कधीकधी सोयीची असते. सुटा शाफ्ट रस्त्यावर बदलता येतो, क्राउन-पिनियन नाही. अर्थात, हे शहाणपण फुल-फ्लोटिंग अ‍ॅक्सललाच लागू पडते.

३. ब्रेक : खरा शत्रू उष्णता

ताशी ८० किमी वेगाच्या १,६०० किग्रॅ गाडीची गतिज ऊर्जा सुमारे ३९५ किलोजूल. आता लोणावळ्याहून खोपोलीकडे घाट उतरताना ५०० मीटर उंची कमी होते असे धरा. स्थितिज ऊर्जा = १,६०० × ९.८१ × ५०० = सुमारे ७,८५० किलोजूल. म्हणजे ८० च्या वेगातून वीस वेळा थांबण्याइतकी उष्णता! यातील बराच भाग हवेचा रोध आणि इंजिनाने घ्यावा लागतो. म्हणूनच न्यूट्रलमध्ये घाट उतरणे जीवघेणे ठरते. ब्रेक कितीही चांगले असले तरी खालचा गिअर हा पहिला ब्रेक.

ड्रम तापला की प्रसरण पावतो आणि लायनरपासून दूर जातो. पेडल खोल जाऊ लागते, लायनरचा घर्षणांकही घटतो. ओढ्यातून गेल्यावर ड्रममध्ये पाणी आणि चिखल साचतो. डिस्क उघडी असल्याने लवकर थंड होते आणि पाणी झटकून टाकते.

पण ड्रमचा एक गुण डिस्कमध्ये नाही. ड्रम फिरताना पुढच्या शूला आत ओढून घेतो, त्यामुळे पायाचा जोर आपोआप वाढतो. डिस्कला असा आधार नाही. किती जोर लागेल, ते पाहू.

४. सोडवलेले उदाहरण

गुरुत्व त्वरणाच्या ०.६ पट मंदनाने गाडी थांबवायची आहे. दोन अ‍ॅक्सलांमधील अंतर ८० इंच, म्हणजे २.०३ मीटर. गुरुत्वमध्याची उंची ०.७५ मीटर धरू.

*वजनाचे स्थलांतर* = १,६०० × ०.६ × ०.७५ ÷ २.०३ = सुमारे ३५५ किग्रॅ. म्हणजे ब्रेक लागताना पुढे १,१०५ आणि मागे ४९५ किग्रॅ.

*पुढच्या प्रत्येक चाकाला लागणारा ब्रेक टॉर्क* = १,१०५ × ९.८१ × ०.६ × ०.३६ ÷ २ = सुमारे १,१७० न्यूटन-मीटर.

*मिळणारा टॉर्क* : पाय ३०० न्यूटन दाबतो, पेडलचे गुणोत्तर ६, मास्टर सिलिंडरचा व्यास २५.४ मिमी. दाब सुमारे ३.५५ मेगापास्कल. कॅलिपरचा पिस्टन ५१ मिमी, पॅडचा घर्षणांक ०.४, परिणामी त्रिज्या ११५ मिमी. दोन्ही पॅड धरून टॉर्क सुमारे ६६७ न्यूटन-मीटर.

गरज १,१७०, हाती ६६७. हवा तेवढा टॉर्क मिळवायला ५२५ न्यूटनहून अधिक, म्हणजे ५० किलोपेक्षा जास्त भाराइतका जोर पायाने द्यावा लागेल. टायरची त्रिज्या ०.४० मीटर झाली तर ५८५ न्यूटन. म्हणून डिस्कबरोबर बूस्टर हवा. डिझेल इंजिन असेल, तर इनटेकमध्ये पुरेशी निर्वात मिळत नाही. तिथे वेगळा निर्वात पंप लागतो.

५. सहज राहून जाणाऱ्या गोष्टी

- दुहेरी परिपथ : एकाच परिपथात एक होज फुटला की चारही ब्रेक जातात. पुढे-मागे वेगळे परिपथ असलेला मास्टर सिलिंडर ही पहिली सुधारणा, डिस्कच्याही आधी.
- उर्वरित दाब : ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये थोडा दाब राखणारा व्हॉल्व्ह असतो. तोच डिस्कला ठेवला तर पॅड घासत राहतात. उलट, मास्टर सिलिंडर कॅलिपरपेक्षा खाली असेल तर ब्रेक ऑइल मागे उतरते; तिथे अगदी कमी दाबाचा व्हॉल्व्ह लागतो.
- मागच्या चाकांचा वाटा : वरच्या उदाहरणात मागे ४९५ किग्रॅच उरले. मागे पुढच्याइतकेच जोरदार ब्रेक दिले तर मागची चाके आधी लॉक होतात आणि आखूड जीप गर्रकन फिरते. मागच्या परिपथात दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवा. गाडी १०० मिमी उंच केली तर मागे सुमारे ४५० किग्रॅच राहतात, हेही मोजा.
- हँडब्रेक : तो प्रोपेलर शाफ्ट धरून ठेवतो, चाक नव्हे. मागचा हाफ शाफ्ट तुटला तर उतारावर त्याचा भरवसा नाही.

६. कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. म्हणून गाडी खोलण्याआधी आरटीओत विचारणा करा.

सारांश

कामाचा क्रम असा ठेवा : दुहेरी परिपथ आणि नवे होज, पुढे डिस्क आणि बूस्टर, मागच्या दाबाचे संतुलन, त्यानंतर शाफ्ट, आणि सर्वांत शेवटी टायर व लॉकर. प्रत्येक टप्प्यानंतर मोकळ्या सपाट जागेत कमी वेगाने चाचणी घ्या आणि पुढची चाके आधी लॉक होतात ना, हे बाहेर उभ्या सहकाऱ्याला पाहायला सांगा. आधी थांबण्याची सोय, मग चढण्याची.

स्वाध्याय

१. मोठा टायर आणि लॉकर असताना शाफ्टचा व्यास ३६ मिमी केला, तर कर्तन प्रतिबल किती होईल? (उत्तर : सुमारे २९१ मेगापास्कल)

२. मास्टर सिलिंडरचा व्यास २८.६ मिमी केला, तर त्याच पायाच्या जोराला दाब किती मिळेल? पेडल हलके होईल की जड? कारण द्या.

३. तुमच्या परिसरातील एखादा घाट किंवा उतार निवडा. वरील गाडी तो उतरताना किती स्थितिज ऊर्जा बाहेर पडेल ते काढा आणि ती ताशी ८० किमी वेगातून किती वेळा थांबण्याइतकी आहे, ते लिहा.