नळ गोठतो एकीकडे, फुटतो भलतीकडेच!

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या वळसंगात ‘आमचा नळ गोठला’ अशी तक्रार घेऊन कुणी ग्रामपंचायतीत जाणार नाही. इथलं दुखणं उलटं. मे महिन्यात भर दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचा कॉक सोडा, पहिली बादली चहाच्या आधणासारखी येते. थंडीचं म्हणाल तर पारा दहावर आला की स्वेटर, कानटोपी, शेकोटी सगळं बाहेर. पण आता जिल्ह्यातली पोरं शिकागो आणि मिनियापोलिसपर्यंत पोचली आहेत, आणि तिथे जानेवारीत घरातला नळ हा चिंतेचा विषय असतो. म्हणून वळसंगकरांसाठी ही थोडी गारेगार माहिती.

बर्फ चोर नाही, फितूर आहे

पाणी गोठलं की साधारण 9 टक्क्यांनी फुगतं, हे शाळेत शिकलोय. त्यावरून आपण समजतो की बर्फ जिथे धरला तिथेच पाइप फुटणार. बहुतेक वेळा तसं होत नाही. बर्फाचा बोळा पाइपात वाढत जातो आणि पुढचं पाणी बंद तोटीकडे रेटतो. बोळा आणि तोटी यांच्या मधे कोंडलेल्या त्या पाण्याला पळायला जागा नसते. दाब वाढत वाढत जातो आणि जोड जिथे कच्चा असेल तिथे पाइप फाटतो, कधी कधी बर्फापासून चांगला लांब! थंड मुलखातली माणसं कडाक्याच्या रात्री तोटी किंचित सोडून ठेवतात ती याचसाठी. थेंब थेंब पाणी गेलं की दाबाला वाट मिळते, मग बर्फ धरला तरी पाइप वाचतो. वाहतं पाणी गोठत नाही म्हणून तोटी सोडायची, हे अर्धंच खरं.

इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी उघड्या पाइपांवर प्रयोग करून पाहिले. धोक्याची रेघ त्यांना शून्यावर नव्हे, बाहेरच्या हवेच्या उणे 7 अंशांच्या आसपास सापडली. आणखी एक गंमत: पाइप फुटल्याचं घरमालकाला कळतं ते ऊन पडल्यावर. तोवर बर्फानेच पाइपाला बूच मारलेलं असतं!

आपल्या राज्यातला बर्फ

महाराष्ट्रात हौस भागते ती महाबळेश्वरला. हवेचा पारा शून्याच्या बराच वर असतो, तरी पहाटे वेण्णा तलावाच्या काठी गवतावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर, गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की पान आणि पत्रा आपली उष्णता आभाळाकडे सोडून हवेपेक्षाही गार होतात, म्हणून त्यांच्यावरचं दव गोठतं. पाइपातल्या पाण्याला हा तासा-दोन तासांचा गारठा पुरत नाही. तिथवर थंडी मुरायला वेळ लागतो.

निफाडची द्राक्षं मात्र एवढ्यानेही हैराण होतात. 2018च्या डिसेंबरअखेर तिथे पारा 2 अंशांच्याही खाली गेला होता. अशा वेळी बागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि विहिरीचं पाणी ठिबकने सोडतात, कारण जमिनीखालचं पाणी वरच्या हवेपेक्षा उबदार असतं. अमेरिकेतल्या थंडगार मिनेसोटाचे इंजिनिअर हाच हिशोब करून पाण्याच्या मुख्य वाहिन्या सात-आठ फूट खोल गाडतात.

पाइप वाचवा, पाणी गोठवा

काश्मीरमध्ये 21 डिसेंबरपासून कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलान’ लागतो. सकाळी नळाला गरम पाण्याने अंघोळ घालणं हा तेव्हा घरोघरचा कार्यक्रम. लडाखमध्ये अभियंते सोनम वांगचुक यांनी तर हे संकटच कामाला लावलं. वरच्या ओढ्याचं पाणी पुरलेल्या पाइपातून खाली आणायचं, उभ्या पाइपाच्या टोकातून हवेत उडवायचं, आणि तिथे त्याचा बर्फाचा मनोरा होऊ द्यायचा. उन्हाळ्याच्या तोंडाला तोच वितळून शेताला पाणी देतो. या हिमस्तूपाची खरी कसोटी काय? बाहेर पाणी गोठलं पाहिजे, पण पाइपात गोठता कामा नये. गाडी तिथेच अडते.

उलट, प्लंबर मुद्दाम पाइप गोठवतात हेही ऐकून ठेवा. मोठ्या इमारतीत दुरुस्ती करायची आहे आणि जवळ व्हॉल्व्हच नाही, अशा वेळी पाइपाला बाहेरून द्रव नायट्रोजनने गारठवून आत बर्फाचं बूच तयार करतात. काम झालं की बूच आपोआप वितळतं.

टेक्सास म्हणजे अमेरिकेतलं सोलापूर

सगळ्यात जास्त फजिती थंड मुलखात होत नाही, गरम मुलखात होते. फेब्रुवारी 2021मध्ये टेक्सासवर हिमवादळ आलं, लाखो घरांची वीज गेली. ह्यूस्टन-डॅलसची घरं उन्हाळ्याच्या हिशोबाने बांधलेली, पाण्याचे पाइप माळ्यावरून आणि बाहेरच्या भिंतींतून नेलेले. घरातली ऊब संपली आणि घरोघरी छतातून धारा लागल्या. तिथल्या मराठी कुटुंबांनीही इतरांसारखाच बर्फ वितळवून संडासात ओतला. मिनेसोटावाल्यांना एवढ्या थंडीचं काही वाटलं नसतं.

आणि इथे वळसंगाचा संबंध येतो. पाइपाला गुंडाळलेलं जाड वेष्टण उष्णता आत येऊ देत नाही आणि बाहेरही जाऊ देत नाही. शिकागोत ते पाणी गोठण्यापासून वाचवतं. वळसंगात उघड्यावरच्या पाइपाला बारदान गुंडाळलं आणि टाकीला पांढरा रंग दिला, तर मे महिन्यातली ती पहिली बादली अंगावर घेण्याजोगी होईल. खर्च किरकोळ.

हिवाळ्यात लेकीकडे किंवा लेकाकडे अमेरिकेला निघाला असाल तर एवढं करा. सिंकखालच्या कपाटाची दारं थंडीच्या रात्री उघडी ठेवा, म्हणजे खोलीची ऊब पाइपापर्यंत जाईल. चार दिवस फिरायला जाताना हीटर बंद करून बचत साधू नका. तो 13 अंशांच्या खाली आणू नये, असं तिकडे सांगतात. गोठलेल्या पाइपाला काडी किंवा बर्नर लावू नका, हेअर ड्रायर पुरतो. आणि पोचल्या दिवशी, चहाच्या आधी, पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे ते विचारून घ्या.