धूर समुद्रावर जातो आणि परत येतो

हिवाळ्यात पहाटे कर्ली खाडीकाठच्या गावांवर माडांच्या शेंड्यांइतक्या उंचीवर पांढुरका पट्टा थांबलेला दिसतो. त्याला धुके म्हणतात. पण त्यात पाणी तापवायच्या चुलींचा आणि पेटवलेल्या पालापाचोळ्याचा धूरही मिसळलेला असतो. समुद्र इतका जवळ असताना तो निघून का जात नाही?

दुपारी जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते. तिच्यावरची हवा वर जाते आणि खारे वारे आत येतात. धूर वर चढतो, पसरतो, विरळ होतो. सूर्यास्तानंतर उलटे घडते. कातळाचे सडे झपाट्याने निवतात. त्यांना लागलेली थंड, जड हवा उतारावरून खाडीच्या खोऱ्यात उतरते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. हीच तापमानाची विपरीतता. झाकणाखालचा धूर उन्हे वर येईपर्यंत कोंडून राहतो.

त्यातला काही मतलई वाऱ्यांबरोबर समुद्रावर जातो, पण दुसऱ्या दिवशी खारे वारे त्याचा अंश परत आणतात. पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. झाकण त्याहून खाली असेल, तर किनाऱ्यावरची हवा घाट सहज ओलांडत नाही. लॉस एंजेलिसचे धुरके समुद्र आणि डोंगर यांच्या अशाच कोंडीत साठत गेले. सिंधुदुर्गात तेवढी वाहने नाहीत आणि पावसाळा हवा धुऊन काढतो. पण हिवाळ्यातली कोंडी त्याच जातीची आहे.

धुरातले अडीच मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसात खोलवर जातात. त्यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम ठरवली. भारताचे मानक ६० आहे. दम्याचे रुग्ण, लहान मुले आणि वृद्ध यांना त्रास आधी होतो.

म्हणून दमा असलेल्यांनी पहाटे फिरण्याऐवजी हा पट्टा विरल्यावर बाहेर पडावे. कचरा जाळूच नये. शेतात भाजावळ करायचीच असेल, तर उन्हे वर आल्यावर, पण वारा जोर धरण्यापूर्वी करावी; जोराच्या वाऱ्यात आग पसरते. सकाळी दहाला पेटवलेल्या ढिगाचा धूर आकाशात चढतो. संध्याकाळी सातला पेटवला, तर तो रात्रभर शेजारच्या माजघरात राहतो.