माल बाजारचा, हात घरचा

बस्तरची ढोकरा मूर्ती घडवताना मातीच्या गाभ्यावर मेणाचे बारीक धागे गुंडाळून नक्षी उठवतात, वरून मातीचे लेप देतात, भट्टीत मेण वितळून वाहून जाते आणि मोकळ्या झालेल्या जागेत वितळलेले पितळ उतरते. मूर्ती बाहेर काढायची तर साचा फोडावाच लागतो. त्यामुळे एका साच्यातून एकच मूर्ती निघते आणि पुढच्या मूर्तीसाठी सगळी मेहनत नव्याने करावी लागते. रायपूरच्या पंडरीतल्या छत्तीसगढ हाटात किंवा शबरी एम्पोरियममध्ये अशी मूर्ती विकत घेणारे गिऱ्हाईक पितळेच्या वजनाचा हिशेब करत नाही, ते कारागिराच्या हाताचे पैसे मोजते. घरच्या टेबलावर, छोट्या ओव्हनच्या मदतीने पॉलिमर क्लेचे कानातले, पेंडंट, किचेन आणि फ्रिज मॅग्नेट करून विकू पाहणाऱ्यांनी याच हिशेबापासून सुरुवात करायला हवी. पॉलिमर क्ले हा कोणालाही दुकानात मिळणारा माल आहे. त्यातून केलेल्या वस्तूला जी काही किंमत येते ती हातामुळे आणि कल्पनेमुळे येते. म्हणून हा छंद विक्रीला काढायचा असेल तर तीन गोष्टी पाळल्या पाहिजेत: हाताचा वेळ मोजावा, माल काय आहे ते स्पष्ट सांगावे आणि नमुना स्वतःचा असावा.

आधी मालाची ओळख करून घेऊ. पॉलिमर क्लेमध्ये कुंभाराची माती नसते. पाइप आणि वायरींच्या आवरणासाठी वापरतात त्या पीव्हीसी प्लास्टिकची बारीक पूड, ती मऊ ठेवणारे प्लास्टिसायझर नावाचे द्रव आणि रंग यांचे हे मिश्रण. ते हवेत वाळत नाही. ओव्हनमध्ये ठराविक उष्णता मिळाली की पुडीचे कण एकमेकांत मिसळून घट्ट होतात आणि वस्तू कायमची टणक होते. जर्मनीतल्या प्रसिद्ध बाहुलीकार केटे क्रूझ यांच्या मुलीने बाहुल्यांच्या कामासाठी असे मिश्रण वापरात आणले आणि १९६०च्या दशकात ते ‘फिमो’ या नावाने बाजारात आले. त्याच दशकात अमेरिकेत ‘स्कल्पी’ विकली जाऊ लागली. आपल्याकडे मोल्डिट, शिल्पकार यांसारखे दोन भाग मिसळून आपोआप घट्ट होणारे क्ले आणि फेविकॉल व कॉर्नफ्लोअर मळून घरी केलेला कोल्ड पोर्सिलेन जास्त ओळखीचे आहेत. कोल्ड पोर्सिलेन स्वस्त पडतो, पण रायपूरच्या पावसाळी हवेत तो लवकर वाळत नाही आणि त्याला बुरशीही येते. पॉलिमर क्लेला दमट हवेचा त्रास नाही, त्याचे वैर उन्हाशी आहे. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांना टेकतो. अशा दिवसांत वडी खिडकीत किंवा बंद गाडीत राहिली तर भाजण्याआधीच ती अर्धवट घट्ट होते आणि मळताना तिचा भुगा पडतो.

माल महाग असला तरी वस्तूचा दर्जा हातावरच ठरतो, हे काम जवळून पाहिले की पटते. ‘केन’ नावाची पद्धत घ्या. सूर्यफूल करायचे असेल तर मधल्या बोंडासाठी तपकिरी क्लेची कांडी वळायची, पिवळ्या क्लेच्या पाकळ्यांच्या लांब पट्ट्या तिच्याभोवती बसवायच्या, मधल्या फटी हिरव्या किंवा पांढऱ्या क्लेने भरायच्या आणि मनगटाएवढा जाड रूळ तयार करायचा. मग तो सगळीकडून सारखा दाबत बोटाएवढा बारीक होईपर्यंत लांबवायचा. दाब एका बाजूला जास्त पडला की फूल तिरपे होते. टोकांकडचा भाग बिघडतोच, तो कापून टाकावा लागतो. थोडा वेळ थंड करून धारदार पात्याने चकत्या केल्या की प्रत्येक चकतीवर तेच फूल उमटलेले दिसते. यानंतर येते भाजणे. फिमोला साधारण ११० अंश सेल्सिअसवर अर्धा तास लागतो, स्कल्पीच्या काही प्रकारांना दर ६ मिलीमीटर जाडीमागे १३० अंशांवर १५ मिनिटे. घरच्या छोट्या ओव्हनची (ओटीजीची) कळ जे तापमान दाखवते ते आत असतेच असे नाही, म्हणून आत ठेवायचा वेगळा थर्मामीटर घेणे गरजेचे आहे. नीट भाजलेली पातळ चकती वाकवली तर वाकते, कच्ची राहिलेली कट्‌कन मोडते. प्रत्येक घाण्यातली एक चकती अशी वाकवून पाहिल्याशिवाय बाकीचा माल गिऱ्हाइकाच्या हाती देऊ नये.

आता पैशांचा हिशेब. समजा ५७ ग्रॅमची वडी २८५ रुपयांना पडली, म्हणजे ग्रॅमला ५ रुपये. कानातल्यांच्या एका जोडीला कापण्यात वाया जाणारे धरून ८ ग्रॅम क्ले लागला तर ४० रुपये झाले. हुक, कड्या, कार्ड आणि डबी यांचे ३० रुपये धरले की मालाचा खर्च ७० वर जातो. एका वेळी १२ जोड्या केल्या आणि मळणे, लाटणे, कापणे, भाजणे, सँडपेपरने घासणे, भोक पाडणे, फोटो काढणे आणि पॅक करणे यांत १२ तास गेले, तर जोडीमागे एक तास पडतो. तासाला १२० रुपये हा काही चढा भाव नाही. एकूण झाले १९०. बिघडलेल्या वस्तूंसाठी दहा टक्के धरले की आकडा २१०च्या आसपास जातो, आणि ऑनलाइन दुकान किंवा मेळ्यातला स्टॉल यांचा वाटा १५ टक्के धरला तर विक्रीची किंमत २५० रुपये ठेवावी लागते. हीच जोडी १०० रुपयांना विकली तर दुकानाचे १५ आणि मालाचे ७० वजा जाता हातात १५ रुपये राहतात, तेही तासाभराच्या कामाचे. बिघाड धरला तर तेवढेही उरत नाहीत. कमी भावाला विकून गिऱ्हाईक जोडण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. या हिशेबात तो टिकत नाही, कारण जोडलेले प्रत्येक गिऱ्हाईक त्याच तोट्यात पुन्हा ओढते.

यावर पहिला आक्षेप येतो तो गिऱ्हाइकाच्या खिशाचा. रायपूरच्या गोलबाजारात पन्नास-साठ रुपयांना चमकदार कानातले मिळत असताना अडीचशे कोण देणार? प्रश्न रास्त आहे. साच्यात ओतलेल्या मालाशी किमतीत बरोबरी करता येत नाही, म्हणून ती करूच नये. साच्यातला माल जे देऊ शकत नाही ते द्यावे. लग्नासाठी साडीच्या काठाशी जुळणारा रंग, बाळाच्या नावाची अक्षरे, घरच्या कुत्र्याचा चेहरा, एखाद्या ऑफिसच्या निरोपसमारंभासाठी एकाच नमुन्याच्या पण नावे वेगळी असलेल्या पंधरा किचेन: अशा मागणीला बाजारचा साचा पुरा पडत नाही. ज्याला कमी किमतीतच माल हवा आहे त्याच्यासाठी केन पद्धत कामी येते. रायपुरातल्या मराठी घरांत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकदम चाळीस-पन्नास वाणे लागतात. एका केनमधून ३ ग्रॅमच्या ४० चकत्या काढल्या, चकतीमागे १५ रुपयांचा क्ले आणि ५ रुपयांचा मॅग्नेट लागला आणि सगळ्या कामाला मिळून ५ तास गेले, तर मजुरीही चकतीमागे १५ रुपयेच पडते. थेट ओळखीत विकल्याने कमिशन लागत नाही. बिघाड धरूनही ४० रुपयांचे हाती केलेले वाण अशा रीतीने मजुरी न बुडवता देता येते. भाव खाली आणायचा तो पद्धत बदलून. स्वतःच्या मजुरीला कात्री लावून नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: मातीच्या कलेने श्रीमंत असलेल्या प्रदेशात प्लास्टिक कशाला? सरगुजा जिल्ह्यातल्या पुहपुत्रा गावच्या सोनाबाई रजवार यांनी शेतातली माती आणि भाताचा पेंढा वापरून आपल्या घराच्या भिंतींवर पक्षी, माणसे, जाळ्या घडवल्या. माल आजूबाजूला मिळणाराच होता. भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्राशी जोडलेल्या मंडळींचे लक्ष तिकडे गेले, १९८३ साली सोनाबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्यांचे काम परदेशापर्यंत पोहोचले. या उदाहरणावरून कोणी म्हणेल की मातीच वापरा. ज्यांना अंगण आहे, माती आहे, भट्टी आहे त्यांनी अवश्य वापरावी. पण नखाएवढ्या फुलात पाच रंग एकमेकांत न मिसळता बसवायचे आणि ते अंगावर घातल्यावर फुटू नये अशी अपेक्षा असेल, तर फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला पॉलिमर क्ले सोयीचा पडतो. तो प्लास्टिक आहे हे मात्र लपवू नये. ‘मातीचे दागिने’, ‘पर्यावरणपूरक’ असे शब्द जाहिरातीत वापरणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. टिकाऊपणा हा त्याचा गुण आहे, म्हणून वर्षानुवर्षे वापरली जाईल अशीच वस्तू त्यातून करावी. एका दिवसाच्या सजावटीसाठी तो वापरू नये.

याच प्रामाणिकपणातून काही पथ्ये निघतात. पीव्हीसी जास्त तापले की त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा तिखट, श्वासाला घातक वायू सुटतो. म्हणून भाजताना खिडकी उघडी ठेवावी, वस्तू करपू देऊ नये आणि दिवाळीला तेलवातीच्या पणत्या या क्लेच्या कधीच करू नयेत. ज्या पात्याने, लाटण्याने किंवा पास्ता मशीनने क्लेचे काम केले ते पुन्हा स्वयंपाकात आणू नये. ताट, वाटी, चमचा अशा खाण्याच्या वस्तूही करू नयेत. टेबलावर ठेवायचा छोटा गणपती करायला हरकत नाही, पण त्याचे विसर्जन करायचे नाही हे घेणाऱ्याला सांगावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचना विसर्जनाच्या मूर्ती माती वा तत्सम नैसर्गिक, विघटन होणाऱ्या मालाच्याच असाव्यात असे सांगतात. खेळण्यांच्या बाबतीत तर कायदाच आहे: १ जानेवारी २०२१पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे (बीआयएस) प्रमाणचिन्ह सक्तीचे झाले आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना सूट मिळते, छंद म्हणून करणाऱ्याला ती आपोआप लागू होत नाही. भातुकलीच्या चिमुकल्या जिलब्या नि इडल्या कितीही गोड दिसल्या तरी लहान मूल त्या तोंडात घालते, आणि त्या न करायला तेवढे एक कारण पुरेसे आहे.

तिसरा आक्षेप कुंभारांच्या पोटापाण्याचा. छत्तीसगढमध्ये पोळ्याला मातीचे नांदिया बैल आणि मातीची चिमुकली भांडी, जाती विकली जातात. दुर्ग जिल्ह्यातल्या थनौदसारख्या गावाची ओळखच मूर्तिकामामुळे आहे. पॉलिमर क्लेचे कानातले आणि कुंभाराचा बैल एका गिऱ्हाइकासाठी भांडत नाहीत, त्यामुळे वस्तू वेगळी ठेवली तर कोणाच्याही ताटातले काही जात नाही. धोका आहे तो नकलेत. ढोकऱ्याची आकृती क्लेमध्ये उठवून, वर पितळी रंग लावून ‘बस्तर आर्ट’ म्हणून विकली तर ती थेट कारागिरावर घाला घालते. बस्तर ढोकऱ्याला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे त्या नावावर त्या भागातल्या कारागिरांचा हक्क आहे. त्या कामातून डोळ्यांनी शिकावे, हाताला शिस्त लावावी, पण नाव आणि आकृती त्यांची त्यांना ठेवावी. रायपुरातल्या छंदकाराकडे स्वतःचे विषय कमी नाहीत: तलावांचे हे शहर, उन्हाळ्यातला पळस, धानाच्या लोंब्या, फरा-चिल्याचे ताट, आणि मराठी घरातली नथ, पैठणीचा मोर, पुरणपोळी. यांतले काहीही स्वतः पाहून, स्वतः रेखाटून केले की नमुना आपला होतो.

विक्रीच्या कायद्याबद्दल छंदकार सहसा विचारच करत नाहीत. फक्त वस्तू विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, एवढे ऐकून ते थांबतात. पण वस्तू दुसऱ्या राज्यात विकली की ही मर्यादा सर्वसाधारणपणे लागू राहत नाही. रायपूरच्या मराठी विक्रेत्याचे नातेवाईक आणि गिऱ्हाईक नागपूर-पुण्यात असणे अगदी स्वाभाविक आहे, म्हणून ही अडचण त्याला इतरांपेक्षा लवकर भेटते. ठराविक हस्तकला वस्तूंना यात सवलत आहे. आपली वस्तू त्यात बसते का, हे करसल्लागाराला एकदा विचारून घ्यावे. ऑक्टोबर २०२३पासून नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यांनाही ऑनलाइन बाजारपेठांवर विकता येते, मात्र आपल्या राज्यापुरतेच. सुरुवात करणाऱ्याला त्यामुळे रायपूर, भिलाई, बिलासपूर हे मोकळे क्षेत्र आहे, आणि तेवढे पुरेसे मोठे आहे.

शेवटचा आक्षेप छंदाच्या बाजूने येतो: पैसे आले की आनंद गेला. ही भीती खोटी नाही. पण आनंद जातो तो पैशांमुळे कमी आणि न मोजलेल्या वेळेमुळे जास्त. ज्याने जोडीला एक तास धरला आहे तो महिन्याला वीस तासांच्या वर ऑर्डर घेत नाही, नकार देताना त्याला अपराधी वाटत नाही आणि उरलेल्या वेळात तो विक्रीचा विचार न करता नवे रंग मिसळून पाहू शकतो. ज्याने वेळ धरलाच नाही त्याच्या रात्री स्वस्त ऑर्डरी पुऱ्या करण्यात जातात. म्हणून पहिली वस्तू विकण्याआधी एक वही घ्या. प्रत्येक नमुन्यापुढे लागलेले ग्रॅम, लागलेला वेळ आणि बिघडलेल्या वस्तू लिहा. त्यावरून किंमत ठरवा आणि ती सांगताना आवाज खाली करू नका. कार्डावर ‘पॉलिमर क्ले, हाती घडवलेले’ एवढे स्पष्ट छापा. बस्तर आणि सरगुजाच्या कारागिरांना त्यांच्या हाताचे मोल मिळावे असे आपण म्हणतो, तर आपल्या हाताचे मोलही आपणच ठरवले पाहिजे.