दवाखान्यातली तिसरी खुर्ची

फॅमिली डॉक्टरच्या खोलीत महत्त्वाच्या खुर्च्या दोनच. एक त्यांची, एक आपली. तिथं तिसरी खुर्ची आली आणि तिच्यावर डॉक्टरकी शिकणारा मुलगा किंवा मुलगी बसली, की दवाखान्याचं काय होतं, याबद्दल आज बोलू. मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. पण पेशंट म्हणून अनुभव दांडगा आहे.

आपल्याकडं हे दृश्य क्वचितच दिसतं. एमबीबीएसची मुलं शिकतात ती मुख्यतः कॉलेजच्या मोठ्या रुग्णालयात. २०२१-२२ च्या तुकडीपासून त्यांना खेड्यातली काही कुटुंबं ‘दत्तक’ द्यायला सुरुवात झाली, हे चांगलंच झालं. पण गल्लीतल्या डॉक्टरांशेजारी बसून शिकणं काही रुळलेलं नाही. म्हणून जरा लांब, ऑस्ट्रेलियात जाऊ.

दक्षिण ऑस्ट्रेलियात मरे नदीकाठी रिव्हरलँड नावाचा मुलूख आहे. द्राक्षं आणि संत्र्यांचा. म्हणजे नाशिक-नागपूरकरांना ओळखीचा वाटावा असा. १९९७ साली अ‍ॅडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठानं आपले आठ विद्यार्थी वर्षभरासाठी तिथल्या डॉक्टरांकडं धाडले. त्यांचे सोबती शहरातल्या रुग्णालयात एकेका विभागात फिरत होते. ही मुलं गावातच राहून तापापासून बाळंतपणापर्यंत सगळं पाहत होती. परीक्षेत ती मागं पडली नाहीत. उलट सरस ठरली.

पण प्रश्न दवाखान्याचा आहे. पहिली भीती वेळेची. डॉक्टर पेशंट तपासणार, मग विद्यार्थ्याला समजावणार, तोवर बाहेरचं बाकडं भरणार. सुरुवातीला हे होतंच. नुसता बाजूला बसून पाहणारा विद्यार्थी म्हणजे वेळेचा खर्च. त्यावर तोड म्हणजे दुसरी खोली. तिथं विद्यार्थी आधी पेशंटशी बोलतो, तपासतो. तेवढ्यात डॉक्टर आपल्या खोलीत दुसरा पेशंट उरकतात. मग ते येतात, विद्यार्थी पेशंटसमोरच सगळं सांगतो, डॉक्टर खात्री करून निर्णय देतात. फ्लिंडर्सच्याच अभ्यासकांनी मोजून पाहिलं, त्याचा निष्कर्ष २००८ साली आला: तपासणीचा सरासरी वेळ वाढत नाही, त्याची आतली वाटणी तेवढी बदलते.

आता आपल्या वस्तीतला दहा बाय दहाचा दवाखाना आठवा. पडद्यामागं तपासायचं टेबल, बाजूला कंपाउंडर. दुसरी खोली आणायची कुठून?

दुसरी गोष्ट पैशाची. ऑस्ट्रेलियाच्या सरकारनं शिकवणाऱ्या दवाखान्याला तीन तासांच्या एका सत्रामागं मिळणारे १०० डॉलर २०१५ साली २०० केले. आपला डॉक्टर माणशी फी घेतो. चार पेशंट कमी झाले की चार फी गेल्या. शिकवणं ही पुण्याई आहे हे मान्य, पण दुकानाचं भाडं पुण्याईत भरता येत नाही.

आणि पेशंट? आमच्या मोहल्ल्यातली एखादी आपा सासूला बाहेर बसवून डॉक्टरांना मनातलं दुखणं सांगायला आलेली असते. समोर एकवीस वर्षांचा पोरगा दिसला, तर ती ‘डोकं दुखतंय’ म्हणेल आणि गोळी घेऊन निघून जाईल. म्हणून परवानगी विचारायची ती बाहेर, काउंटरवर, विद्यार्थी समोर नसताना. त्याच्या तोंडावर ‘नको’ म्हणणं भल्याभल्यांना जमत नाही. आणि ‘नको’ म्हणणाऱ्याच्या उपचारात तसूभर फरक पडता कामा नये.

एवढी कटकट असूनही डॉक्टर मुलं का ठेवून घेतात? वर्षानुवर्षं एकट्यानं दवाखाना चालवणाऱ्याला ‘सर, हेच औषध का?’ असं विचारणारं कुणी नसतं. विद्यार्थी विचारतो. मग डॉक्टरांना रात्री पुस्तक उघडावं लागतं. ज्या पेशंटला दोन मिनिटांत वाटेला लावलं जायचं, त्याचं कुणीतरी पंधरा मिनिटं ऐकून घेतं. एखादी राहून गेलेली तक्रार त्यात सापडूनही जाते.

रिव्हरलँडसारख्या ठिकाणी शिकलेल्यांपैकी गावाकडं स्थिरावणारे डॉक्टर, नुसत्या शहरात शिकलेल्यांपेक्षा प्रमाणानं जास्त निघाले. आपल्याकडं जुने डॉक्टर थकतात, त्यांची मुलं स्पेशालिस्ट होतात, आणि एक दिवस शटर खाली येतं. कुठल्या घरात साखर आहे, कुणाला पेनिसिलिन चालत नाही, हे तोंडपाठ असणारा माणूस जातो. आणि त्याच्या शेजारी बसून ते शिकलेलं कुणीच नसतं.