जुना सायलेन्सर घरी बसविताना

मोटारीचा सायलेन्सर गंजून फुटला की नव्याची किंमत ऐकून अनेक मालक जुन्या बाजाराकडे वळतात. मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात मूळ कंपनीचे तसेच बाहेरच्या कारखान्यांत बनलेले वापरलेले सायलेन्सर मिळतात. थोडी हत्यारे हाताशी असली तर ते घरी बसविणे अवघड नाही. मात्र सायलेन्सर म्हणजे केवळ एक नळी नव्हे, हे ध्यानी घेऊनच या कामास हात घालावयास हवा.

तीन कामे

इंजिनातील जळका वायू वाहून नेणाऱ्या या यंत्रणेकडे तीन कामे असतात : आवाज दाबणे, वायू स्वच्छ करणे आणि तो प्रवाशांपासून दूर सोडणे. यांतील तिसरे काम जिवाशी निगडित आहे. या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो. सांध्यातून गळणारा वायू मोटारीच्या तळातील भोकांवाटे आत शिरल्यास डोके दुखते, गुंगी येते आणि प्रसंगी प्राणही जातो.

वायू स्वच्छ करण्याचे काम कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे. १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. त्यातील प्लॅटिनम, पॅलॅडियम व ऱ्होडियम हे धातू विषारी वायूंचे कमी घातक वायूंत रूपांतर करतात. म्हणून घरी बदलावयाचा तो कन्व्हर्टरच्या मागील भाग; कन्व्हर्टर काढून त्या जागी साधी नळी कदापि जोडू नये.

पारख

एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. जवळच्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरेसा तापत नाही व हे पाणी आतच साचते. त्यामुळे सायलेन्सर आतून गंजतो आणि बाहेरील रंग फसवा ठरतो. तो हलवून पाहावा. आत खडखडाट झाल्यास पडदे सुटलेले आहेत असे समजावे. शिवणी व तळ स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहावेत. नळीचा व्यास, फ्लँजवरील छिद्रांमधील अंतर आणि टांगण्याचे आकडे आपल्या मोटारीशी जुळतात की नाही, हे मोजूनच पैसे द्यावेत.

जोडणी

काम मोकळ्या, सपाट जागी व इंजिन पूर्ण थंड झाल्यावर करावे. चाकांना उटी लावावी. केवळ जॅकच्या किंवा विटांच्या भरवशावर मोटारीखाली शिरणे जीवघेणे आहे. भक्कम लोखंडी स्टँड वापरावेत. गंजलेल्या नटबोल्टांना आदल्या रात्री गंज सोडविणारे तेल लावावे. जुने गॅसकेट व टांगण्याचे रबर पुन्हा वापरू नयेत. सर्व भाग प्रथम सैल जोडून नळी कोठे घासत नाही ना ते पाहावे व मग इंजिनाकडून मागे या क्रमाने नट आवळावेत. इंधनाच्या नळीपासून ही नळी किमान ३५ मिलिमीटर दूर असावी, असा नियम आहे. वेल्डिंगची गरज पडल्यास ते पेट्रोलच्या टाकीजवळ घरी न करता जाणत्या कारागिराकडे सोपवावे.

जोडणी झाल्यावर उघड्यावर इंजिन सुरू करून नळी तापण्यापूर्वीच सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर गळती आहे. बंद गॅरेजमध्ये इंजिन क्षणभरही चालू ठेवू नये. शंभरेक किलोमीटरनंतर थंड मोटारीचे नट पुन्हा तपासावेत.

कायदा व शेजारधर्म

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार आवाज कमी करणारा सायलेन्सर प्रत्येक मोटार वाहनास आवश्यक आहे. मोटार वाहन अधिनियमातील कलम १९० अन्वये ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मर्यादांचा भंग करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीने तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद करण्यात आली. पडदे काढून मोठा आवाज करणारे सायलेन्सर म्हणूनच टाळावेत. काम संपल्यावर प्रदूषण तपासणी केंद्रात मोटार तपासून घेणे इष्ट. जुन्या भागाने खर्च वाचतो, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु ती बचत घरच्यांच्या श्वासाच्या आणि शेजाऱ्यांच्या झोपेच्या मोलाने होता कामा नये.