भावना, शरीर आणि चेहरा

भावना ही केवळ मनातली गोष्ट आहे अशी आपली समजूत असते. ती पूर्णपणे बरोबर नाही. अंधारात पायाला दोरी लागली की माणूस आधी उडी मारतो आणि साप आहे की दोरी हे नंतर पाहतो. म्हणजे विचार पोहोचण्याआधीच भावनेने शरीराला कामाला लावलेले असते.

हे कसे घडते? मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाच्या आकाराचा एक लहान भाग आहे. धोक्याची सूचना मिळताच तेथून शरीरभर इशारे जातात. मूत्रपिंडावरील ग्रंथी अॅड्रेनॅलीन हे द्रव्य रक्तात सोडतात. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, हातापायांच्या स्नायूंना जास्त रक्त मिळते आणि पचनाचे काम मागे पडते. तोंडाला कोरड पडते ती त्यामुळेच. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या आपल्या ग्रंथात ही सारी तयारी लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी असते असे मांडले. राग माणसाला पुढे ढकलतो, भीती मागे खेचते, किळस तोंडातला घास बाहेर टाकायला लावते. विद्यार्थ्यांना याचा अनुभव परीक्षेत येतो. थोडी धास्ती अभ्यासाला बसवते. तीच फार वाढली की पाठ असलेले उत्तरही आठवत नाही. प्रश्नपत्रिकेशी ना लढता येते, ना तिच्यापासून पळता येते!

शरीरावरील या खुणा आपल्याकडे फार पूर्वीच ओळखल्या गेल्या होत्या. भरताच्या नाट्यशास्त्रात घाम, रोमांच, कंप, अश्रू, आवाज फुटणे, रंग उडणे असे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत.

चेहऱ्याचा प्रश्न मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे. फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी १८६२ साली दाखवून दिले की ओठांचे कोपरे मनात आणले तर वर नेता येतात, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदाशिवाय सहसा आकसत नाही. चार्ल्स डार्विन यांनी १८७२ मध्ये या विषयावर ग्रंथच लिहिला. त्यासाठी त्यांनी निरनिराळ्या देशांत प्रश्नावली पाठवून माहिती मागवली होती. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस पॉल एकमन यांनी न्यू गिनीच्या डोंगराळ भागातील फोरे लोकांना छायाचित्रे दाखवली. बाहेरच्या जगाशी फारसा संबंध नसूनही आनंद, राग, दुःख त्यांनी ओळखले. भीती आणि आश्चर्य यांत मात्र त्यांची गल्लत झाली. त्याच प्रदेशातील ट्रोब्रियांड बेटांवरील २०१६ च्या अभ्यासात तर आपण ज्याला भ्यालेला चेहरा म्हणतो, तो तेथील लोकांना धमकावणारा वाटला. तेव्हा चेहऱ्याची भाषा काही प्रमाणात सर्वांची आणि काही प्रमाणात ज्याच्या त्याच्या समाजाची आहे, असे मानणे मला योग्य वाटते.

हा वाद केवळ विद्वानांचा नाही. खोटे पकडणारे म्हटले जाणारे पॉलिग्राफ यंत्र प्रत्यक्षात श्वास, रक्तदाब आणि त्वचेचा घाम मोजते. घाम भीतीचा आहे हे एक वेळ कळेल, पण भीती गुन्ह्याची की संशय घेतला गेल्याची, हे यंत्राला कळत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सेल्वी खटल्यात अशी चाचणी व्यक्तीच्या संमतीशिवाय करता येणार नाही असा निर्णय दिला.

यंत्राचे असे, तर मुलाखत घेणाऱ्यांचे काय? वडीलधाऱ्यांसमोर नजर वर करू नये असे घरात शिकलेला, कुटुंबातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेला मुलगा टेबलासमोर बसतो. त्याची नजर खाली असते, ओठ सुकलेले असतात, आवाज कापत असतो. त्याला विषय येत नाही की समोरच्यांचा मान राखण्याची त्याची रीत ती आहे, हे त्याच्या चेहऱ्यावरून ठरत नाही. त्यासाठी त्याला आधी पाणी द्यावे, एखादा सोपा प्रश्न विचारावा आणि उत्तरासाठी वेळ द्यावा लागतो.