पोट लहान झाले, ताटाचे काय?

सप्टेंबर 2022 मधील गोष्ट. काचीगुड्यातील एका परिचित घराच्या गच्चीवर गणपतीच्या महाप्रसादाची पंगत बसली होती. मसालेभात, अळूची भाजी, कोशिंबीर, मोदक आणि परातभर जिलब्या असा बेत होता. वाढणारे गृहस्थ माझ्यापुढे येऊन थांबले आणि मी पानावर आडवा हात धरला.

"अहो सर, एकच! प्रसादाला नाही म्हणू नये."

शेजारी बसलेले स्नेही म्हणाले, "वाढा हो वाढा! सरांनी एके काळी जिलब्यांची पैज जिंकलेली आहे."

पंगतीत हशा पिकला. मीही हसलो, जिलबी घेतली आणि ती संपवलीही. अर्ध्या तासाच्या आत मी आतल्या खोलीत घामाने निथळत, धडधडत्या छातीवर हात ठेवून भिंतीला टेकून बसलो होतो. चार महिन्यांपूर्वी माझ्या जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग शस्त्रक्रियेने काढून टाकण्यात आला होता, हे त्या पंगतीत आईखेरीज कोणासही ठाऊक नव्हते. मीच कोणाला सांगितले नव्हते.

आज त्या गोष्टीला तीन वर्षे उलटून गेली आहेत. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेविषयी आपल्या घरांत अजूनही दबक्या आवाजात बोलले जाते. शस्त्रक्रिया दीड-दोन तासांत आटोपते, पण तिच्यानंतरचे जगणे मात्र पुन्हा पहिलीच्या वर्गापासून शिकावे लागते. ते शिक्षण एकट्या रोग्याचे नसते, तर साऱ्या घराचे असते. हे मला उशिरा उमगले, म्हणून हा लेखनप्रपंच.

निर्णय

माझे वडील मधुमेह आणि हृदयविकाराने वयाच्या 58 व्या वर्षी गेले. मी 53 वर्षांचा झालो तेव्हा माझे वजन 126 किलो होते. अकरा वर्षांचा मधुमेह, दिवसातून दोनदा इन्सुलिन आणि रात्री झोपेत श्वास अडखळू नये म्हणून तोंडावर यंत्राचा मुखवटा, अशी अवस्था होती. शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर तपासणीस जायचे तर मधल्या जिन्यात सूचनाफलक वाचण्याचे निमित्त करून मी दम घेत असे. तो फलक मला तोंडपाठ झाला होता.

उपास, फिरणे, ताकावर राहणे, हे सारे करून झाले होते. दर वेळी आठ-दहा किलो उतरत आणि वर्षभरात व्याजासह परत येत. लोक याला आळस म्हणतात, आणि मीही स्वतःला तेच म्हणत असे. परंतु वजन उतरू लागले की शरीर भूक वाढवते आणि ऊर्जेचा खर्च आवरते, हे आता शास्त्राने दाखवून दिले आहे. शिवाय आपल्या भारतीयांच्या शरीराची ठेवणही निराळी. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखविले की, गोऱ्या माणसाइतक्याच वजनाच्या भारतीयाच्या अंगी चरबीचे प्रमाण अधिक असते, आणि म्हणून मधुमेह आपल्याला कमी वजनातही गाठतो.

किलोंतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो, त्याला बीएमआय म्हणतात. माझा आकडा 45 च्या जवळ होता. हा आकडा 40 च्या वर असेल, किंवा 35 च्या वर असून सोबत मधुमेहासारखी व्याधी असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा, असा संकेत पुष्कळ वर्षे रूढ होता. 2022 साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी ही मर्यादा आणखी खाली आणली, आणि आशियाई लोकांसाठी तर त्याहूनही खाली. पैशांची चिंता असणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. विमा नियामक प्राधिकरणाने (त्याचे मुख्य कार्यालय आपल्या हैदराबादेतच आहे) 2019 साली जे नियम घालून दिले, त्यांनुसार ठराविक अटी पूर्ण होत असल्यास केवळ 'लठ्ठपणा' या सबबीखाली आरोग्य विम्याने ही शस्त्रक्रिया नाकारता येत नाही. पॉलिसी मात्र नीट वाचावी.

पूर्वी ही श्रीमंतांची चैन समजली जाई. नितीन गडकरी यांनी 2011 साली मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा वृत्तपत्रांत मोठी चर्चा झाली होती. आता मुसीकाठच्या आपल्या सरकारी उस्मानिया रुग्णालयातही ही शस्त्रक्रिया झालेली आहे.

नेमके काय करतात?

या विद्येचा उगम अमेरिकेतला. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेले रोगी पुढे अंगाने भरत नाहीत, या निरीक्षणावरून आयोवा विद्यापीठाच्या डॉ. एडवर्ड मेसन यांनी 1966 साली 'गॅस्ट्रिक बायपास' योजिली. तीत जठराच्या वरच्या टोकाशी लहानशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. माझ्यावर झाली ती दुसरी, 'स्लीव्ह' नावाची. तीत जठराची बाहेरची फुगीर बाजू कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी तेवढी मागे उरते. आज दोन्ही शस्त्रक्रिया बहुधा दुर्बिणीतून, पोटावर चार-पाच लहान छिद्रे पाडून होतात.

काम केवळ जागा कमी करण्याचे नाही. जपानी शास्त्रज्ञांनी 1999 साली 'घ्रेलिन' नावाचे भूक चाळविणारे संप्रेरक शोधून काढले. ते मुख्यत्वे जठराच्या वरच्या फुगवट्यात तयार होते, आणि 'स्लीव्ह'मध्ये नेमका तोच भाग जातो. म्हणून आरंभीचे काही महिने भूक अशी लागतच नाही. ज्याने आयुष्यभर भुकेशी भांडण केले, त्याला ही शांतता प्रथम विलक्षण वाटते आणि मग काहीशी भयाणही.

वाटी आणि आई

मे महिन्याच्या सुटीत शस्त्रक्रिया झाली. त्याच संध्याकाळी मला धरून चालविले. पोटात भरलेल्या वायूमुळे खांदा दुखत होता. दुसऱ्या दिवशी औषधाच्या इवल्या पेल्यातून घोट घोट पाणी सुरू झाले. एक पेला संपवायला पंधरा मिनिटे लागत. इन्सुलिन काही दिवसांतच डॉक्टरांनी बंद केले. अकरा वर्षांची सुई सुटली, त्या दिवशी मी रुग्णालयाच्या खिडकीशी उभा राहून थोडा रडलो.

पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी पाण्यासारखे पातळ, मग दाट पेय, त्यानंतर घोटलेले, मग मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी साधे अन्न. कागदावर हे सोपे दिसते. घरी आलो तो आईने साजूक तुपातला मऊ भात करून ठेवला होता. आई तेव्हा 79 वर्षांची होती. सुलतान बाजारातल्या वाड्यात नांदलेली आणि पंचवीस-तीस पाने रोज उठविलेली ती बाई. तिच्या लेखी जेवणारा मुलगा म्हणजे सुखी मुलगा. मी चार चमचे मुगाचे कढण घेऊन उठलो, की ती ताटाकडे पाहत बसे. एकदा म्हणाली, "अरे, माझ्या हातची चव गेली असेल तर तसे सांग. उगाच डॉक्टरचे नाव पुढे करू नकोस."

तिला दुखवू नये म्हणून पाचव्या आठवड्यात मी चार घास भात खाल्ला, आणि तोही जुन्या सवयीने भरभर. तो छातीशी अडकला, तोंडाला पाणी सुटले आणि सगळे उलटून पडले. आई दारात उभी होती. त्या रात्री ती जेवली नाही. मला शस्त्रक्रियेने जेवढे दुखले नव्हते, तेवढे त्या रात्री दुखले.

दुसऱ्या दिवशी सौभाग्यवतीने एक गोष्ट केली. आहारतज्ज्ञ बाईंच्या भेटीस ती मला न नेता आईला घेऊन गेली. त्या बाईंनी आईच्या हाती एक लहान वाटी ठेवली आणि सांगितले, "आजी, यांचे पोट आता एवढे आहे. या वाटीत काय घालायचे ते तुम्हीच ठरवा. मात्र दिवसाला साठ ग्रॅम तरी प्रथिने गेली पाहिजेत." आईला काम मिळाले. मुगाचे घट्ट कढण, घरचे पनीर कुस्करून, गाळलेले दही, मऊ पिठले, असे ती एकेक पदार्थ योजू लागली. आमच्या शाकाहारी घरात माझ्यासाठी अंडे उकडायला तिने वेगळे भांडे काढले, याचे मला आजही नवल वाटते. आधी प्रथिने, मग भाजी, आणि जागा उरली तर भात-पोळी, हा नियम तिने देवघरातल्या नेमासारखा पाळला. पाणी जेवताना नाही, तर अर्ध्या तासाने. घास सुपारीएवढा, आणि तो चावून चावून.

जे कोणी सांगत नाही

तिसऱ्या-चौथ्या महिन्यांत केस मूठ-मूठ गळू लागले. झपाट्याने वजन उतरले की असे होते आणि पुढे बहुधा ते परत येतात, पण तोवर धीर सुटतो. थंडी वाजू लागली. दंडावरची, पोटावरची कातडी सैल लोंबू लागली. वजन उतरले, पण आरशातला माणूस मात्र आजारी दिसू लागला. शाळेबाहेरचा पानवाला काळजीने विचारी, "क्या साब, शुगर बढ गई क्या?" शिक्षकांच्या खोलीत मी शिरलो की बोलणे थांबे. मला कर्करोग झाला आहे, अशी वदंता उठल्याचे पुढे कळले. लपविण्याचे हे फळ.

मनाचेही असेच झाले. सण, पाहुणे, रुसवे, समेट, हे सारे आपल्याकडे ताटावरच होते. ते ताट दूर झाले आणि संध्याकाळ रिकामी वाटू लागली. हे अन्नाचे सुतकच म्हणावे. अशा वेळी उदासी दाटली तर ती डॉक्टरांच्या कानी घालण्यात लाज नाही. काही रोग्यांत ती गंभीर रूप घेते, हे जगभरच्या अनुभवाने सिद्ध झाले आहे. काहींचे रिकामेपण मद्याकडे वळते, आणि शस्त्रक्रियेनंतर मद्य लवकर चढते, म्हणून तो धोका दुप्पट.

वर्षअखेर वजन 91 किलो झाले. जिन्यातला फलक वाचण्याची गरज उरली नाही. मग मी निर्धास्त झालो. भूक हळूहळू परतली होती. घन अन्न अडे, पण पातळ आणि भुसभुशीत पदार्थ सहज उतरत. शाळेतून येताना इराणी हॉटेलातला साखरेचा चहा आणि त्यात बुडविलेली दोन उस्मानिया बिस्किटे. दिवसातून एकदा, मग दोनदा. 2023 च्या दिवाळीपर्यंत सहा किलो परत आले. गोळ्याही मी मनानेच बंद केल्या होत्या. तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. रक्त तपासले तर ब-12 जीवनसत्त्व तळाला गेले होते. शाकाहारी माणसात ते मुळातच बेताचे असते, आणि जठर कापल्यावर त्याचे शोषणही घटते. इंजेक्शने घेऊन मुंग्या थांबल्या. डॉक्टर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "मास्तर, आम्ही परीक्षेचे केंद्र दिले. अभ्यास तुमचा."

घरांसाठी थोडेसे

अनुभवाने शिकलेले काही सांगतो. ब-12, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या व रक्ततपासणी ही जन्माची सोबत आहे. उलट्या थांबत नसतील, पोटात तीव्र कळ येत असेल, ताप किंवा धडधड असेल, तर घरगुती उपाय न करता रुग्णालय गाठावे. वेदनाशामक गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. मधुमेहाची व रक्तदाबाची औषधे पूर्वीच्याच मात्रेत चालू ठेवणे धोक्याचे. ती डॉक्टरांकडून कमी करून घ्यावीत. झपाट्याने उतरणाऱ्या वजनाने पित्ताशयात खडे होऊ शकतात. तरुण स्त्रियांनी दीड वर्ष तरी गर्भधारणा लांबवावी. हल्ली वजन उतरविणारी इंजेक्शनेही भारतात मिळू लागली आहेत आणि काहींना ती पुरेशी ठरतात, पण ती बंद केली की वजन बहुधा परतते. सवयींतून सुटका कोणत्याच मार्गाने नाही.

आणि आग्रह? तो आपल्या मराठी पाहुणचाराचा अलंकार आहे, मान्य. मुलुखापासून दूर, दक्खनच्या या शहरात पिढ्यानपिढ्या राहताना आपण भाषेइतकाच हा आग्रह जपला. पण नको म्हणणाऱ्याच्या पानावर वाढलेली जिलबी त्याच्या अंगी काय करते, ते त्या गच्चीवर मी भोगले आहे. दोष वाढणाऱ्यांचा नव्हता. मी गप्प राहिलो, तो माझा होता.

गेल्या गणेशोत्सवात त्याच गच्चीवर पुन्हा पंगत बसली. माझ्या पानाशेजारी आईने घरून आणलेली ती लहान वाटी ठेवली. वाढणारे गृहस्थ जिलब्यांचे ताट घेऊन आले. मी तोंड उघडण्याआधीच आई म्हणाली, "त्याच्या पोटाचे ऑपरेशन झाले आहे. त्याला आग्रह नको." सारी पंगत ऐकत होती. मग तिने स्वतःचे पान पुढे सरकवले आणि म्हणाली, "त्याच्या वाटची मला वाढा."